डावखुरा नायक

आमच्या घरात एका सिनेमावरून वीस वर्षं भांडण चाललं होतं. बाबा म्हणायचे, लग्न ठरायच्या आधीच मी हिला, सुलक्षणाला, पाहिली होती. मुलुंडला, त्यांच्या कॉलनीच्या गणपतीत, मैदानात तो चिठ्ठ्यांच्या घोटाळ्याचा सिनेमा दाखवला तेव्हा. आई म्हणायची, थापा आहेत सगळ्या. स्थळ यांच्या मामांनी आणलं, हे हो म्हणाले, आणि मग मला खूश करायला गोष्ट रचली. पुरावाही होता तिच्याकडे. बाबांच्या मते त्यातला नायक डावखुरा होता.

"डावखुरा म्हणे," आई म्हणायची. "सिनेमा बघितलाच नाही यांनी."

म्हणायची हसून, पण तिला ते लागलेलं होतं. आपल्याला आवडून आणलं की मामांच्या शब्दाखातर, हे तिला अजून कळायचं होतं.

चौऱ्याऐंशी साली एका रविवारी दूरदर्शनवर तोच सिनेमा लागला. घाटकोपरच्या आमच्या खोलीत आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो. नायकाने चिठ्ठी लिहायला घेतली, ती उजव्या हाताने.

"बघा," आई म्हणाली. जिंकल्याचा आनंद काही तिच्या आवाजात नव्हता.

बाबांचं तोंड उतरलं. "अगं, पण मला डावाच आठवतोय."

मला राहवेना. थापाड्या माणूस एकाच चुकीला वीस वर्षं कशाला चिकटून बसेल? दुसरी थाप मारेल की.

"बाबा, तुम्ही बसला कुठे होतात?"

"पडद्यामागे. उशीर झालेला, पुढे बायकापोरांची गर्दी."

पडदा म्हणजे बांबूंना ताणून बांधलेलं पांढरं कापड. मागूनही सिनेमा दिसतो, फक्त उलटा. उजव्याचं डावं होतं. मी हे सांगितलं तेव्हा बाबा माझ्याकडे बघतच राहिले. हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"मग पडद्याआडून मी कशी दिसले?" आईने विचारलं.

"अगदी कडेला बसलो होतो. उजेड पुढच्यांच्या तोंडावर पडायचा. तू हसलीस की शेजारच्या मुलीच्या दंडाला चिमटा काढायचीस. रीळ बदलताना पुढे जागा झाली, माझा दोस्त दत्ताराम तिथून हाका मारत होता. मी नाही गेलो."

आई हळूच म्हणाली, "कुंदाचा दंड काळानिळा झाला होता."

कुंदा ही तिची तेव्हाची मैत्रीण. चिमट्यांचं आईने आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं.

टीव्हीवर चिठ्ठी भलत्याच घरी पोचली. आई खळखळून हसली, आणि बाबा दंड चोळू लागले.