बटण पुन्हा दाबू नका!

मी एक जुनी ओळ आहे, मित्रांनो. रक्तपेढीतल्या संगणकावर मी दिसते: ‘यादी तयार होत आहे. दोन मिनिटे लागतील. बटण पुन्हा दाबू नका.’ जीव एवढासा, पण माझा तोरा विचारू नका!

पूर्वी खिडकीवरचे काका दुर्मीळ गटाचा रक्तदाता शोधायला बटण दाबत, आणि समोर नुसता कोरा पडदा येई. आत संगणक बारा रक्तपेढ्यांच्या नोंदी चाळत असे. काकांना वाटे, मेला झोपला! ते पुन्हा दाबत, की शोध पहिल्यापासून सुरू. शेवटी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या ताईने डबा खाता खाता मला लिहिले. “आता कसं, कुणीतरी बोलतंय!” काका म्हणाले.

पुढे नवे साहेब आले. “एवढं कोण वाचतंय?” म्हणत त्यांनी मला काढले आणि एक फिरते चक्र बसवले. दिसायला देखणे, पण तोंडात मिठाची गुळणी! मला फार वाईट वाटले.

एका दुपारी एक बाबा धापा टाकत खिडकीशी आले. त्यांच्या लेकीचे ऑपरेशन दुर्मीळ गटाच्या रक्तासाठी अडले होते. काकांनी बटण दाबले. चक्र गरगरत राहिले. काकांचा धीर सुटला, त्यांनी पुन्हा पुन्हा दाबले. चार वेळा शोध पहिल्यापासून! काकांनी ताईला फोन लावला. “अगं, ती ओळ आधी परत लाव! हे चाललंय की मेलंय, काही कळेना.”

ताईने मला तेव्हाच परत लावले. काकांनी बटण दाबले आणि मी झळकले. मिनिट गेले. बाबा कळवळले, “अहो, दाबा ना परत!”

काकांनी दोन्ही हात मागे बांधले. “नाही दादा. ही थांबा म्हणतेय ना, मग थांबायचं.”

दोन मिनिटे भरली आणि यादी आली. तिच्यात एकच नाव होते, दोन गल्ल्या पलीकडचे! काकांनी फोन करताच तो रक्तदाता चपला न घालताच धावत आला.

महिन्याने ती लेक बाबांचे बोट धरून आली. काकांच्या खुर्चीवर चढून तिने मला खणखणीत आवाजात वाचले. साहेब मागे उभे होते. “छान वाचतेस,” ते म्हणाले.

मित्रांनो, कुणाला ताटकळत ठेवावेच लागले, तर निदान किती थांबायचे ते सांगा. आणि मला पुसायला कुणी आलेच, तर आधी त्या लेकीला विचारा म्हणावे!