न जळलेली नडगी

थविन शेवटी संत झाला. पण ते तूर्त बाजूला ठेवू. तसं काही झालंच नाही असं धरून चालू.

सकाळचे सात. काल जाळलेल्या थविनची राख विहारामागे येमकाकांनी पत्र्यावर रीतीप्रमाणे माणसाच्या आकारात मांडली होती. आधी डोकं पश्चिमेला, मग मंत्र म्हणून सगळं मोडायचं आणि पुन्हा मांडताना डोकं पूर्वेला. प्रेतं जाळण्यात काकांचा जन्म गेलेला. शवपेटीचे खिळे निवडताना नडगीच्या जागी त्यांना एक पांढराशुभ्र, अखंड तुकडा सापडला. बाकीच्या हाडांचा बोट लावताच भुगा होत होता. हा टणक.

काका गुडघ्यांवर बसले. पोहोचलेल्या पुरुषाचंच हाड असं उरतं, हे आंगथोंग गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मागोमाग जमलेले सगळे बसले; थविनने कोंबड्यांच्या झुंजीत ज्यांना फसवलं होतं ते दोघेसुद्धा.

उभी राहिली एकटी रंफा, थविनची धाकटी बहीण. कृत्रिम हाडं बनवणाऱ्या कारखान्यात ती अठरा वर्षं भट्टी सांभाळते. सहा वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडून दादाची नडगी चुरली, तेव्हा मधली पोकळी भरायला बसवलेला तुकडा तिच्याच भट्टीतला.

"काका, उठा. ते मी भाजलंय," ती म्हणाली. "साडेबाराशे अंशाला. तुमची भट्टी हजारावरच धापा टाकते, ती काय जाळणार त्याला?"

काकांना भट्टीचा अपमान तेवढा लागला. मग रंफाने मुख्य भिक्खूंना शांतपणे समजावलं: तुकड्याला बारीक भोकं असतात, त्यांतून माणसाचं स्वतःचं हाड वाढत जातं. सहा वर्षांत तो पुरता दादाचाच झालाय, तेव्हा तो घरच्या कलशातच जायला हवा. भिक्खूंनी यातलं एकच वाक्य उचललं. दादाचाच आहे ना, मग प्रश्न मिटला, असं म्हणून त्यांनी तुकडा विहाराच्या काचेच्या पेटीत ठेवायला सांगितला.

थविनची बायको सायजाई रिकामा कलश घेऊन पुढे आली.

"मग मी घरी काय नेऊ गं?" तिने नणंदेला विचारलं. "बाकीचा तर भुगाच आहे."

रंफाने त्याच दुपारी विहार समितीला अर्ज लिहिला, कारखान्यात लिहिते तशाच ठाम अक्षरात:

"महोदय, सदर अवशेष थंडीत ठणकतो. सबब थंडी संपेपर्यंत दर संध्याकाळी तो अर्धा तास मयताच्या पत्नीच्या ताब्यात द्यावा. तेल नेमकं कुठे चोळायचं हे फक्त तिलाच माहीत आहे. वापरानंतर अवशेष पुसून परत करण्यात येईल."