सात निळी दारं

मी कॅमेरा बोलतोय. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. माझं म्हणणं कागदावर उतरवणाऱ्या माझ्या मालकाची शाळा आठवीत सुटली. मी तर शाळेची पायरीही चढलो नाही. तेव्हा शब्द साधेच सापडतील.

मी एका मोठ्या कारखान्यात शेकडो भावंडांबरोबर जन्मलो. पहिला मालक लग्नांचे फोटो काढायचा. त्याच्याकडे नवा कॅमेरा आला तसा मी कपाटात गेलो, तिथून जुन्या वस्तूंच्या दुकानात. एक तरुण रोज काचेबाहेर उभा राहून मला बघायचा. आत पाऊल टाकायला त्याला अकरा दिवस लागले, इतका लाजरा.

तो लाँड्रीत कामाला. दिवसभर पांढरे कपडे एकीकडे, रंगीत दुसरीकडे. सुटला की मला गळ्यात अडकवून रस्त्यावर. पहिल्याच आठवड्यात त्यानं मला काळ्या-पांढऱ्यावर लावलं, ते तसंच राहिलं. रंग मला दिसायचे, पण साठवायची परवानगी नव्हती.

त्याच्या ताईला हे पटायचं नाही. "नवा लाल स्वेटर घालून उभी राहिले, त्याची राख केलीस. ताप आल्यासारखी दिसतेय मी!"

"रस्त्यावरचे फोटो असेच काढतात गं."

"कोणी सांगितलं?"

तो माझी काच पुसायला लागला. खरं कारण मला ठाऊक होतं. तो माणसांना न विचारता लांबून टिपायचा. रंग गेला की ती माणसं जुन्या काळातली वाटायची, मग त्यांना तोंड द्यायची धास्ती उरायची नाही. तरी काही फोटो चांगले निघाले, हे कबूल करतो. जिन्यावर उन्हाचे पट्टे आणि त्यातून उतरणारा पोस्टमन. तिथं रंगाची अडचणच झाली असती.

मग वाचनालयानं भिंतीवर लावायला कामकरी माणसांचे फोटो मागवले. त्यानं गल्लीतली दारं रंगवणाऱ्या रंगारीकाकांचा दिला. शिडीवर काका, मागे ओळीनं दारं. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "वा, भारदस्त आहे. शुक्रवारी दुपारी लावू." त्याचं काहीतरी पहिल्यांदाच भिंतीवर लागणार होतं. इस्त्री करतानाही तो शीळ घालायला लागला.

गुरुवारी काका कपडे टाकायला लाँड्रीत आले आणि त्यांना काउंटरवर ठेवलेली त्या फोटोची प्रत दिसली.

"हा मी होय? बरा दिसतोय की. पोट लपलंय." मग चष्मा वर सरकवून त्यांनी नीट पाहिलं. "आणि माझी दारं कुठं गेली?"

"ही काय, मागं."

"अरे, सात घरं, सात निळे! दुसऱ्या दाराच्या आजींसाठी तीनदा रंग कालवला. त्यांना आभाळासारखा नको, शाईसारखा हवा होता. तू सगळ्यांना एकच राखाडी फासलास. महिन्याचं काम पुसलंस की लेका!"

ते हसतच बोलले, म्हणून त्याला जास्त लागलं. जाता जाता म्हणाले, "असू दे. उद्या सकाळी शेवटच्या दाराला दुसरा हात मारला की शिडी उचलली."

घरी येऊन त्यानं माझ्या पोटातले सगळे फोटो चाळले. निळा कुठंच नव्हता.

ताई म्हणाली, "बाईंना आवडलाय ना? मग राहू दे की."

"त्यांनी केलेलं कामच त्यात दिसत नाही गं."

"मग पुन्हा काढ."

"लांबून सातही निळे वेगवेगळे दिसत नाहीत. जवळ जावं लागेल. विचारावं लागेल." एवढं बोलून तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

आता मी म्हातारा झालोय. बटणांवरची अक्षरं झिजलीत. मला काळ्या-पांढऱ्यावर लावा नाहीतर रंगावर, माझी तक्रार नाही. फक्त आधी समोर काय आहे ते बघा, एवढीच विनंती.

तर त्या शुक्रवारी सकाळी त्यानं मला रंगावर लावलं, थेट शिडीच्या पायाशी जाऊन उभा राहिला, दोनदा घसा खाकरला आणि मोठ्यानं विचारलं, "काका, फोटो काढू का?" आणि काका वळून बघेपर्यंत तो तिथून हलला नाही.