पिवळ्याची पट्टी

"आले बाबा सगळे. एकही मागे राहिला नाही," असं म्हणत मुलीने नव्या कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "आता बघा कसे सपासप उघडतात. तुमच्या त्या डबड्यावर एक फोटो उघडायचा म्हणजे माणसाने मधल्या वेळात दाढी उरकून यावं."

"डबडं म्हणू नकोस त्याला. इतकी वर्षं बिनतक्रार चाललंय."

"चाललंय कुठलं? रांगतंय!"

शेडकाका हसले. जुना कॉम्प्युटर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पंख्याची घरघर करत अजून सुरूच होता. सकाळपासून दोन्ही यंत्रांच्या मधोमध एक काळी वायर ताणून ठेवलेली होती आणि तिच्यातून घरातले सगळे फोटो, लग्नापासूनचे, या टोकाकडून त्या टोकाकडे जात होते. जुना फोटोंचा प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही, म्हणून मुलगी सुट्टी काढून आली होती. जाण्याआधी तिला सगळं जागच्या जागी लावून द्यायचं होतं.

काका रंगांच्या दुकानात कामाला होते. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा नाहीतर सोफ्याच्या कापडाची चिंधी घेऊन यायचं. काका ती दारापाशी नेऊन उजेडात धरायचे आणि परत येऊन मशीनवर पांढऱ्या बेसमध्ये कुठला रंग किती घालायचा ते ठरवायचे. दुकानातल्या पोरांनीच त्यांना शेडकाका नाव पाडलं होतं. पुढे ते गल्लीत पोचलं, आणि मुलीच्या लग्नात तर मांडववाल्यानेही त्यांना त्याच नावाने हाक मारली होती.

"शेवटच्या वर्षाचे उघड बघू," काका म्हणाले.

मुलीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग उघडले.

काका पडद्याकडे झुकले.

पडद्यावर त्यांचा मुलगा होता. खिडकीजवळच्या खाटेवर, पाठीशी दोन उशा, मांडीवर पुस्तक. कपाळ, गाल, मान, पुस्तकावरची बोटं, सगळं पिवळं. हसत होता, आणि हसणाऱ्या डोळ्यांतला पांढरा भागही पिवळा होता.

"हे... हे असे कसे आले?"

"असे म्हणजे?"

"रंग. रंग कुठे गेले सगळे?"

मुलीला क्षणभर कळेना. तिने तोच फोटो जुन्या कॉम्प्युटरवर उघडायला घेतला. तो सावकाश, वरून खाली, पट्ट्यापट्ट्यांनी उमटत गेला. तीच खाट, तेच पुस्तक. पण मुलाच्या गालांवर लाली होती, डोळे स्वच्छ पांढरे होते. परीक्षेच्या आदल्या दिवशी जरा थकलेला एखादा मुलगा दिसावा, तसा.

ती कितीतरी वेळ आळीपाळीने दोन्हींकडे बघत राहिली.

"बाबा, हे तुम्ही केलंत?"

काकांनी हो म्हणून मान हलवली.

"जुन्या प्रोग्रॅममध्ये बदल केले ना, तरी मूळ फोटोला हात लागत नसे," ती हळूहळू सांगू लागली. आपल्याच मनाला समजावत असल्यासारखा तिचा आवाज होता. "काय बदल केले ते तो वेगळं लिहून ठेवायचा आणि दाखवताना वरून चढवायचा. नव्याला ते लिहिलेलं वाचता येत नाही. त्याने नुसते मूळ फोटो उचललेत."

मुलगा गेल्यावर त्याच्या आईने कितीतरी दिवस कॉम्प्युटरच्या खोलीत पाय ठेवला नव्हता. मग एकदा सकाळी ती म्हणाली, मला त्याचे फोटो बघायचेत, सुरू करून द्या. काका म्हणाले, कॉम्प्युटर बिघडलाय, दुरुस्त करून घेतो. ते त्या दिवसापासून पहाटे उठून बसायला लागले. प्रोग्रॅममध्ये रंगांच्या पट्ट्या होत्या. पिवळ्याची पट्टी मागे ओढली की चेहरा निवळायचा, पण उशीचा अभ्रा निळसर व्हायचा, भिंत आजारी दिसायची. म्हणून ते फक्त चेहरा निवडून घ्यायला शिकले, नंतर मान, मग हात. डोळ्यांतला पांढरा भाग मात्र फार अवघड. तिथे चेहरा खूप मोठा करून घ्यावा लागायचा, इतका मोठा की तो चेहरा राहायचाच नाही, नुसते चौकोन दिसायचे. ते त्यांना सोपं जायचं. चौकोनांचं त्यांना काही वाटायचं नाही.

सगळे झाल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं, झाला दुरुस्त. तेव्हापासून दर सुट्टीच्या दिवशी दुपारी ती एकटीच त्या खोलीत जाऊन बसे. बाहेर आली की काही बोलत नसे. काका विचारत नसत.

"जुन्यावरून तुमच्या रंगांसकट बाहेर काढता येतील," मुलगी म्हणाली. "एकेक नवी प्रत करून. पण हा कासव आहे, वेळ घेईल."

"काढ. आणि हे पुसून टाक इथले. आई यायच्या आत."

"पुसू?" तिचा हात माउसवर तसाच राहिला. "बाबा, दादा असाच दिसायचा हो. मी विसरूनच गेले होते. मला आत्ता बघून आठवलं."

"आठवायचं काय आहे त्यात? तिला बघवणार आहे का? तू काढ आधी."

मुलगी वाद न घालता जुन्या कॉम्प्युटरसमोर सरकली. एक एक प्रत तयार होऊ लागली. पडद्यावर एक निळी रेघ मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होती. काका खिडकीशी उभे राहिले. बायको कपड्यांच्या एका दुकानात अल्टरेशनचं काम करत असे. आज लेक आलेली, म्हणून लवकर सुटून येते म्हणाली होती.

"अजून किती?"

"निम्मेसुद्धा नाहीत."

"तोवर तो नवा बंद तरी कर."

"बंद केला तर मधेच तुटेल बाबा. इकडचे तिकडेच चाललेत ना. एवढी प्रत झाली की समोरचा फोटो मिटते."

तेवढ्यात दाराची कडी वाजली.

"काय गं, झालं का तुमचं सामान हलवून?" आई बाहेरूनच बोलत आली. खांद्याची पिशवी खुंटीला, चपला दाराशी, आणि पदराने मान पुसत थेट खोलीत. "ह्यांनी मधेमधे लुडबुड केली असेल नुसती. दुकानात कसे सगळ्यांना..."

ती थांबली.

काका तिच्या आणि पडद्याच्या मधे जाऊ बघत होते, पण खोली लहान, मधे खुर्ची. त्यांना जाता आलं नाही.

आई पडद्याच्या अगदी जवळ गेली. तिने चष्मा वर केला, पुन्हा नाकावर घेतला. मग मुलाच्या गालावरून एक बोट फिरवलं. त्या काचेवर, अलगद.

"असाच होता," ती म्हणाली. "बघ. असाच होता की नाही?"

"आई..."

"थांब. पुढचा दाखव."

मुलीने बापाकडे पाहिलं आणि पुढचा दाखवला. मग त्याच्या पुढचा. ऑपरेशनच्या आधीचे दिवस होते ते. प्रत्येक फोटोत पिवळा रंग आधीपेक्षा दाट झालेला. शेवटचा आला तेव्हा ती खुर्चीत बसली.

"मी केलं होतं ते," काका म्हणाले. "जुन्यावरचे सगळे मी... रंग बदलले होते. तुला बघवणार नाही म्हणून."

"मला?" तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "अहो, त्याचं अंग मी पुसत होते. रोज. मला नाही बघवणार?"

काका मागे सरकून भिंतीला टेकले.

"इतकी वर्षं इथे येऊन बसते मी," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. उलट शिवताना तोंडात टाचण्या धरून बोलावं तसा अडखळत होता. "बघते, तर पोरगं चांगलं धडधाकट दिसतंय. हसतंय. गालावर रंग आहे. आणि दोन दिवसांनी त्याला आत नेलं. डॉक्टर म्हणाले, करायचं तर आत्ताच करा, नाहीतर न्या घरी. तुम्ही म्हणालात, तू म्हणशील तसं. मी म्हटलं, करा."

"तू बरोबरच..."

"बोलू द्या मला. मी म्हटलं, करा. आणि गेला तो. मग मी इथे बसून बघायची आणि म्हणायची, अगं बाई, एवढा चांगला होता पोरगा, कशाला घाई केलीस? अजून महिना, दोन महिने राहिला असता. तूच ढकललंस त्याला. मला आठवायचा तो पिवळाच. पण समोर फोटो वेगळंच सांगतोय. फोटो कसा खोटं बोलेल? मग मला वाटायचं, माझंच डोकं फिरलंय, मीच माझ्या सोयीने आठवतेय, त्याला जास्त आजारी करून..."

मुलगी आईजवळ गेली. तिने खांद्यावर हात ठेवला, तो आईने घट्ट धरला.

"कुणाला बोलले पण नाही," आई म्हणाली. "काय बोलणार? मी म्हणजे पोराला..." तिने पदर तोंडाशी धरला.

काका भिंतीला टेकून उभे होते. मुलाचा रंग रोज किती चढतोय, ते रिपोर्ट यायच्या आधी त्यांना कळायचं. सकाळी कामावर निघताना दाराशी उभं राहून एकदा बघितलं की कळायचं, आज कालपेक्षा गडद आहे. म्हणून ते दारातूनच जायचे. स्टॉक मोजायचाय, नवं मशीन आलंय, मालक थांबवतात, काही ना काही निघायचंच. रात्री यायचे तेव्हा खोलीतला दिवा मालवलेला असायचा, आणि मालवलेल्या दिव्याखाली सगळे रंग सारखेच असतात.

"माझं चुकलं," ते म्हणाले.

तिने मान डोलावली. चुकलंच, या अर्थाने की असू दे, या अर्थाने, ते त्यांना कळलं नाही.

बऱ्याच वेळाने जुन्या कॉम्प्युटरने टिंग असा आवाज केला. मुलीने वळून पाहिलं. "झाल्या प्रती. आई, बाबांचे रंगवलेले सगळे आलेत इकडे. काढून टाकू?"

आईने डोळे पुसले, नाक पुसलं.

"नको. का टाकायचे? पहाटे उठून केलेत त्यांनी. खुर्ची करकरायची ती ऐकू यायची की मला. मला वाटायचं, हिशेब करत असतील दुकानाचे." तिने नव्या पडद्याकडे बोट केलं. "वेगळे ठेव. ह्यांच्यात मिसळू नकोस फक्त."

मुलीने तसं केलं. मग ती चहा टाकते म्हणून उठली आणि जाताना दार ओढून घेतलं.

"या, बसा," आई म्हणाली. "उभे काय राहिलात परक्यासारखे?"

काका मुलीच्या खुर्चीत बसले. आईने माउस आपल्याकडे ओढला आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. हा कधीचा, तो कधीचा, ती सांगत होती. ह्या दिवशी त्याने दाढी करायचा हट्ट धरला. हा स्वेटर मी उसवून दोनदा आत घेतला होता, तरी ढगळ झालाय बघा. ह्यात शेजारची मांजर खाटेखाली आहे, दिसत नाहीये, पण आहे, म्हणून तो असा वाकलाय. यातलं काकांना काहीच माहीत नव्हतं. प्रत्येक फोटोवर त्यांनी तासन्तास घालवले होते. नाकाच्या शेंड्यावरचा उजेड कुठल्या बाजूने येतो, तेही त्यांनी अंधारात सांगितलं असतं. पण तो वाकलाय कशासाठी, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

एका फोटोपाशी ते म्हणाले, "थांब जरा."

मुलगा उशीवरून अर्धवट उठला होता. मान दाराकडे, तोंड उघडं, काहीतरी बोलता बोलता टिपलेलं. हा त्यांच्या चांगला लक्षात होता. उघड्या ओठांची कड निवडायला फार त्रास झाला होता.

"ह्यात काय म्हणतोय तो?"

माउसवरचा हात उचलून तिने मांडीवर ठेवला.

"संध्याकाळ होती," ती म्हणाली. "बाबा कधी येणार, विचारत होता."

पलीकडच्या खोलीत लेकीने कपबशा काढल्याचा आवाज आला. काका पडद्याकडे बघत राहिले. तिने पुढचा फोटो काढला नाही, आणि त्यांनीही काढ म्हटलं नाही.