बानूचं पान

नाव

“नाव सांगा, चाचा.”

“बानू.”

रितेशने दोन बोटांनी टाइप केलं. यंत्र घटकाभर विचारात पडलं आणि म्हणालं, असं कोणी नाही.

“नाय कशी? तिच्या जन्मापासून मी तिला चारा घातलाय.”

“अहो, घरातलं नाव नको. कागदावरचं हवं.”

कागदावरचं नाव अयूबला ठाऊकच नव्हतं.

आखातातल्या ज्या पागेत तो सईस, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा, होता, तिथे सईसांची एक रीत होती. आपल्या घोड्याचं कागदावरचं नाव तोंडातून काढायचं नाही, नजर लागते. ते मालकाने ठेवावं आणि मालकानेच घ्यावं. जन्मलेलं ओलं शिंगरू ज्याने पहिल्यांदा पुसलं, त्याने त्याला दुसरं नाव द्यायचं, आणि घोडा ओ द्यायचा तो त्याच नावाला. अयूबने ही रीत इतकी मनापासून पाळली होती की कागदावरचं नाव कानावर पडलं तरी तो ते आत शिरू देत नसे.

आता, दोन हजार तीन साली, रत्नागिरीच्या एसटी स्टँडजवळच्या माडीवर, रितेशच्या सायबर कॅफेत तो बसला होता. जगातल्या झाडून सगळ्या अरबी घोड्यांची वंशावळ एका वेबसाइटवर आहे आणि ती कोणीही बघू शकतं, असं त्याला सुटीवर आलेल्या एका जुन्या सोबत्याने सांगितलं होतं. कोणीही. हा शब्द त्याने घरी जाईपर्यंत चघळला होता.

बाप

“बापाचं येतं का नाव?”

बापाचं येत होतं. तो घोडा दुसऱ्याच्या पागेतला, आणि परक्या घोड्याचं नाव घ्यायला कोणाची बंदी नव्हती.

बाप सापडला. बापाची लेकरं शंभराच्या वर निघाली. अयूबने साल सांगितलं, रंग सांगितला, आणि रितेश एकेक पान उघडत गेला. पान उघडायला एवढा वेळ लागे की खालून चहा येऊन पिऊन व्हायचा. सातव्या की आठव्या पानावर चित्र वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरू लागलं. आधी आभाळ. मग दोन कान. मग कपाळ.

“हीच.”

“अजून अर्धी पण नाही आली, चाचा.”

“हीच हाय. थांब तू.”

मान आली. जबड्याखालची दोरी आली. दोरीच्या टोकाला, चित्राच्या कडेला, मनगटापाशी कापलेली एक मूठ आली. अंगठ्याचं नख काळं, चिरलेलं.

“तो हात माजा,” अयूब म्हणाला.

रितेशने पडद्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि शेजारच्या कॉम्प्युटरवर गाणी लावून बसलेल्या पोरांना आवाज कमी करायला सांगितलं.

आई, आईची आई, तिची आई

“वंशावळ एकोणिसाव्या शतकापर्यंत जाते,” अयूब घरी सांगत होता. “वाळवंटातल्या कुठल्या टोळीची घोडी, तिचापण नाव लिवलेला हाय.”

त्याची बायको नसीमा कपड्यांच्या घड्या घालत होती. “घोडीच्या खापरपणजीचा नाव जपून ठेवलानी. आणि माज्या आजीच्या आईचा नाव काय, ता मना इचारा. येत नाय.”

“मग मी काय करू?”

“काय नको. माजी सवत सापडली ना तुमाला, बस झाला.”

ती हे गमतीत म्हणाली. पण लेकीच्या, झोयाच्या वेळी ती बाळंतखाटेवर होती तेव्हा हा माणूस कोणत्या गवतावर, कोणाच्या उशाशी बसला होता, हे ती विसरलेली नव्हती.

मालक

म्हातारा मालक बरा होता. बानूचं पहिलं शिंगरू आडवं आलं आणि मेलं. तेव्हा डॉक्टरने बजावलं, हिला पुन्हा गाभण राहू देऊ नका, जिवावर बेतेल. म्हाताऱ्याने ऐकलं. म्हातारा गेला आणि मुलांनी ऐकलं नाही. एवढ्या मोठ्या घराण्याची घोडी रिकामी कशी ठेवायची?

अयूब मॅनेजरकडे गेला. मॅनेजर म्हणाला, सईस आहेस, सईसासारखा राहा.

नव्व्याण्णव साली, पोट दिसायला लागल्यावर, त्यांनी तिला विकली. पोटासकट. ट्रकमध्ये चढेना, तर चढवायला अयूबलाच बोलावलं. त्याच्या हाकेला ती चढली. मग पागाच मोडली आणि सगळ्या सईसांचे व्हिसा रद्द झाले.

शिंगरू होऊन ती जिवंत सुटली का? गेली चार वर्षं अयूबला जगाकडून एवढंच कळायला हवं होतं.

अपत्ये

पहिलं. मृत. ती ओळ उघडी होती.

दुसरी ओळ करडी होती आणि तिच्यावर कुलपाचं चित्र होतं.

“हे काय?”

रितेशने वाचलं. “गेल्या पाच वर्षांतली माहिती फक्त सभासदांसाठी. जन्म, विक्री, मृत्यू, सगळंच. या एक तारखेपासून केलंय. गेल्या महिन्यापर्यंत उघडं होतं.”

“म्हणजे मेलेल्यांचा उघडा आणि जित्यांचा बंद.”

“तसंच काहीतरी.”

“मग मना सभासद कर.”

रितेशने ते पान उघडलं. आपण कोण, असा प्रश्न होता आणि खाली चौकोन होते. मालक. पैदासकार. प्रशिक्षक. पशुवैद्य. अयूबने रितेशला ती यादी पुन्हा वाचायला लावली. मग खाली आणखी काही आहे का ते बघायला लावलं. खाली काही नव्हतं.

“चाचा, मालक म्हणून टाकू या. त्यांना काय कळतंय रत्नागिरीत कोण बसलाय?”

“नको.”

“अहो, एका मिनिटाचं काम. बघायचं आणि बंद करायचं.”

“मी मालक असतो तर ती पोटासकट विकली नसती मी,” अयूब म्हणाला. “त्या चौकोनात मी नाय बसणार. खरा काय ता लिव. लिव की मी सईस होतो. चित्रातला हात माजा हाय म्हणून लिव. आणि इचार, ती सुटली का.”

रितेशने इंग्रजीत पत्र लिहिलं. ‘सईस’ला काय म्हणतात ते शोधायला त्याला डिक्शनरी काढावी लागली.

उत्तर

“आपल्या पत्राबद्दल आभार,” रितेश पुढच्या शुक्रवारी वाचत होता. “सदर घोडीच्या नोंदीत आपल्या नावाची कोणतीही व्यक्ती आढळत नाही. सबब माहिती देता येत नाही.”

“आणि?”

रितेशने खालची ओळ आधी मनात वाचली.

“वाच की रे.”

“छायाचित्रात नोंदणी नसलेली व्यक्ती दिसत असल्याचं लक्षात आणून दिल्याबद्दल आभारी आहोत. योग्य ती दुरुस्ती केली आहे.”

त्यांनी बानूचं पान उघडलं. आभाळ आलं. कान आले. कपाळ, मान, जबडा. चित्र पहिल्यापेक्षा अरुंद होतं. दोरी कडेपर्यंत येऊन संपत होती. दोरी ताणलेली होती. पलीकडे कोणी नव्हतं.

“हरामखोर,” रितेश हळूच म्हणाला.

अयूबचा आवाज चढला नाही. चढला असता तर रितेशला बरं वाटलं असतं. “लिव,” तो म्हणाला.

“काय लिहू?”

“लिव की घोडा असा आपोआप उबा ऱ्हात नाय. कोणीतरी धरतो, तवा तुमचा फोटो निगतो. तिच्या आईची आई तुमी लिवलीत, तिच्या आईची आईपण लिवलीत. आणि ती जगली का मेली, एवढा एक शब्द तुमाला सांगवत नाय. कुलूप कोणापासून लावलाव? मी काय तिला चोरून नेणार हाय रत्नागिरीला?”

रितेश टाइप करत होता. शेवटी म्हणाला, “खाली काय घालू? आपला नम्र?”

“नम्र नको. नुसता अयूब.”

पत्र गेलं. त्याचं उत्तर आलं नाही. पुढच्या शुक्रवारी नाही, त्याच्या पुढच्या शुक्रवारी नाही. मे अर्धा सरला तेव्हा अयूब माडीवर जायचा बंद झाला.

मृत्यू

(ही माहिती फक्त सभासदांसाठी आहे.)

घरी

नसीमा अंगणात आमसुलं उचलत होती. उन्हं कलली होती आणि चटईवर अजून बरीच पसरलेली होती.

“काय बोलले ते लोक?” तिने मान वर न करता विचारलं. “रितेशकडे जायचा सोडलाव, म्हणजे काय ता कळला असेल.”

अयूब उंबऱ्यावर उभा होता. मग म्हणाला, “झाला शिंगरू.”

“कसला?”

“मादी.”

“रंग?”

“काळी,” तो लगेच म्हणाला. “ठार काळी. बापावर गेली. लाथा झाडते म्हणतात, कोणाला जवळ घेत नाय.”

“बरा झाला.” नसीमाने ओंजळभर आमसुलं सुपात टाकली. “आणि ती?”

अयूब अंगणात उतरला. चटईपाशी उकिडवा बसला आणि एकेक आमसूल उचलू लागला, जणू ती एकमेकांना चिकटलेली आहेत आणि सोडवायला वेळ लागणार आहे.

सूप भरल्यावर तो ते उचलू लागला, तेव्हा नसीमाने दुसरी बाजू धरली.