सहावा ट्रॅक : मुली

टण्ण! स्वयंपाकघरातून एकदाच आवाज आला आणि मी टिलीच्या दाराबाहेर श्वास रोखून उभी राहिले. ती उठली नाही. कूस बदलली, ओठ चाटले, पुन्हा संथ घोरायला लागली. साडेचार वर्षांच्या पोरीनं इतकं घोरावं म्हणजे कमालच.

फळं वाळवायच्या यंत्राची आठ तासांची घंटा होती ती. एरवी त्यात सफरचंदाच्या चकत्या असतात. आज पहाटे मी जाळ्या काढून आमच्या जुन्या बँडच्या गाण्यांच्या फितीचं रीळ आत ठेवलं होतं. जुनी फीत दमट होऊन चिकटते. तशीच वाजवली तर लेप खरवडून निघतो आणि त्याबरोबर गाणंही. मंद उबेवर शेकली की काही दिवसांपुरती शहाण्यासारखी वागते. हे वेंडलनं फोनवर सांगितलं होतं, आणि वर, "सफरचंदाचा वास लागला तर चालेल. दालचिनी मात्र टाकू नकोस."

वेंडल आमचा ड्रमर. आता लोकांच्या घरचे हीटर दुरुस्त करतो. तीन वाजता तो फीत वाजवायचं यंत्र घेऊन येणार होता. तोवर रीळ थंड व्हायला हवं. मी ते टेबलावर ठेवलं, उचलून कपाटावर ठेवलं, पुन्हा टेबलावर आणलं. भांडी घासली. घासलेलीच परत घासली.

हॅम सपर, म्हणजे डुकराच्या मांसाचं जेवण, हे आमच्या बँडचं नाव. चर्चच्या तळघरात आम्ही सराव करायचो, तिथं दर शुक्रवारी सामुदायिक जेवणाची हीच पाटी लागायची. तिचंच नाव घेतलं. मी बास वाजवायची, माझी बहीण रोंडा गिटार, वेंडल ड्रम. गायचो आम्ही दोघी. त्र्याण्णव ते सत्त्याण्णव, चार वर्षं. एक कॅसेट, जिच्या दोनशे वेष्टनांवर आम्ही बटाट्याचे ठसे मारले. दोन गाण्यांची एक छोटी तबकडी. आणि एकच अल्बम, वेंडलच्या मामाच्या दगड कापायच्या शेडमध्ये जानेवारीत अकरा दिवसांत केलेला. बंद पडलेल्या रेडिओ केंद्रानं टाकून दिलेल्या जुन्या फितींवर. इंडियानातला जानेवारी, बोटं तारांना चिकटायची.

वेष्टनावर आम्ही एकही नाव घातलं नाही. नुसतं लिहिलं : "सगळं सगळ्यांनी केलं." कोण काय वाजवतं हे छापणाऱ्या बँडना आम्ही हसायचो. किती मिरवलं तेव्हा त्या एका ओळीनं!

त्या अल्बमात 'खारा रस्ता' आहे. शेवटच्या कडव्याला सगळी वाद्यं थांबतात आणि एकच आवाज उरतो. कॉलेजांच्या रेडिओवर अजून तेवढंच गाणं लागतं. तो आवाज माझा आहे. लायब्ररीत पुस्तकं लावताना, टिलीचा दुसरा मोजा शोधताना, दिवसभर कुणीच माझ्याकडून काही वेगळं मागत नाही तेव्हा, मी स्वतःला हे सांगते. बँड मोडल्यापासून सात वर्षं सांगत आलेय. रोंडा पोर्टलंडला असते, अजून गाते, आणि स्टेजवरून बिनदिक्कत सांगते की तो आवाज तिचा.

आता अल्बम पुन्हा निघतोय, सोबत पुस्तिका, त्यात प्रत्येक गाण्याखाली नावं. वेंडलला ती सोमवारी छापायला पाठवायची आहेत.

तो आला तो दार कोपरानं ढकलत. "डी, हे बाळ तुझ्या बाळापेक्षा जड आहे गं. सरक, सरक."

"हळू! ती झोपलीय."

"मी हळूच बोलतोय. माझा हळू असाच असतो."

रिळाच्या डब्यात कागद होता : फितीवरच्या कुठल्या ट्रॅकवर, म्हणजे कुठल्या स्वतंत्र पट्टीवर, काय. वेंडलनं तो उलगडला. एक, दोन, तीन – ड्रम. चार – बास. पाच – गिटार. सहा – मुली. पुढे त्यानंच काढलेलं डुकराचं चित्र.

"मुली?" मी म्हटलं. "नुसतं मुली?"

"मला काय स्वप्न पडलं होतं, तुम्ही पुढे भांडणार म्हणून?"

त्यानं रोंडाला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"डी, सुरुवात करण्याआधीच सांगते," रोंडा म्हणाली, "तो आवाज माझा आहे."

"प्रत्येक वेळी तूच आधी सांगतेस! अकरा महिन्यांनी मोठी आहेस, अकरा वर्षांनी नाही."

"पोरींनो," वेंडल म्हणाला, "मी सहावा सोडून बाकी सगळे ट्रॅक बंद करतोय."

रिळं फिरली. खरखर. शेडचा रिकामा गारठा ऐकू आला, खरंच ऐकू आला. कुणीतरी खाकरलं. मग तो आवाज. अगदी एकटा, खालून, जणू पायऱ्या मोजत वर येणारा. माझ्या हातांवर काटा आला. मी हसले, कारण मी ओळखला.

"बघ," मी म्हटलं.

"बघ," त्याच क्षणी फोनमधून रोंडा म्हणाली.

वेंडलनं कपाळाला हात लावला. आमची आईसुद्धा फोनवर आम्हाला ओळखायची नाही. आधी नाव सांगा म्हणायची.

"मी वेंडलच्या मामाचे लाल मोजे घातले होते," मी म्हटलं. "दोन जोड, एकावर एक. डोळे मिटून गायले. डावा हेडफोन बंद होता."

रोंडानं फोनमधून मला तोडलं.

"मोजे मीच घातले होते, डी. डावा हेडफोन बंद, म्हणून मी मान वाकडी केली होती. तू दारात बसली होतीस, खोक्यावर."

"खोक्यावर तू होतीस!"

"मग मला मोजे कसे आठवतात?"

"तुला दिसत होते म्हणून!"

"आणि तुला नसतील दिसले?"

मी वेंडलकडे पाहिलं. "तू तिथंच होतास ना?"

"मी हीटरशी झटत होतो," तो म्हणाला. "तेव्हाही." मग जरा चाचरत, "कडवं तुम्ही सहा-सात वेळा गायलात. आळीपाळीनं. एकच ट्रॅक उरला होता, त्यामुळे प्रत्येक वेळी आधीचं पुसलं जायचं. शेवटी कोण होतं, देव जाणे. दोघींचं नाव घालू का?"

"नाही," मी म्हटलं.

"नाही," रोंडा म्हणाली.

"पुन्हा लाव," मी म्हटलं. त्यानं लावलं. या वेळी मी माझा श्वास शोधत होते, ओळ सोडतानाचा माझा हिसका. सापडायचा, आणि लगेच तो रोंडाचा वाटायचा. टेबलाची कड मी इतकी घट्ट धरली होती की नखं दुखली.

"आई."

टिली दारात उभी. गालावर उशीची घडी, हातात पांघरुणाचं टोक. वेंडल यंत्र बंद करायला गेला, मी त्याचा हात अडवला. ती फरशीवरून अनवाणी आली आणि फिरणाऱ्या रिळांसमोर हनुवटी टेकून ऐकत राहिली. पूर्ण कडवं. ती इतकी गप्प कधीच नसते.

"कोण गातंय?" तिनं विचारलं.

फोनमध्ये रोंडाचा श्वास ऐकू येत होता. वेंडल पेन्सिल धरून बसला होता.

"मी," मी म्हटलं. "मी गातेय ती."

रोंडा काही बोलली नाही. पेन्सिल कागदावर टेकली.

टिलीनं आधी रिळांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा रिळांकडे.

"मग माझ्यासाठी अशी का नाही गात?"