बिननावाचं रानमांजर

आमच्या खोऱ्यात दर तिसऱ्या घरात एक रानमांजर आहे. जिवंत नव्हे, बंदुकीचं. कुठलाच कारखाना बनवत नाही असं काडतूस कुणीतरी स्वतःच्या डोक्यातून काढतो. बाजारातली पितळी पुंगळी घेतो, तिची मान आवळतो नाहीतर पोट फुगवतो, वर स्वतःचं आडनाव चिकटवतो आणि उरलेलं आयुष्य त्याबद्दल बोलत बसतो. अशा काडतुसाला आम्ही रानमांजर म्हणतो. मी बंदुका दुरुस्त करणारा माणूस. ही सगळी मंडळी माझ्या दुकानात येतात आणि हातातली कॉफी गार होईपर्यंत बोलतात. बहुतेकांची मांजरं तीस-तीस नावाच्या साध्या, कारखान्यातल्या काडतुसापेक्षा काडीचंही जास्त काम करत नाहीत. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं की कुणी फार वेळ टेकत नाही आणि माझी कामं वेळेवर होतात.

त्यामुळे माझ्याच मुलीने स्वयंपाकघराच्या टेबलावर कागद पसरला, तेव्हा मी काय म्हणालो असेन ते वेगळं सांगायला नको.

हेल्मी आमची एकुलती एक. हिवाळ्यात सरकारी रस्त्यावरचा बर्फ उपसायचा ट्रक चालवते. तीन वर्षांमागे एका अडेल घोड्याने तिला कुंपणावर फेकलं आणि उजव्या खांद्यात पोलादी पट्टी बसली. तेव्हापासून तिने शिकार केली नव्हती. तिच्या गेलेल्या आईची, म्हणजे माझ्या बर्निसची, तीस-तीसची लिव्हर बंदूक ती लहानपणापासून चालवायची, खालचा दांडा ओढला की पुढचं काडतूस वर येतं तसली. आता तीच बंदूक दोनदा उडवली की तिची बोटं बधिर व्हायची. शिकारीचा मोसम आला की ती मला पहाटे डबा भरून द्यायची आणि खिडकीत उभी राहायची. ते मला बघवत नसे.

"यंदा मी शिकारीला वर येणार," ती म्हणाली. "आईच्या बंदुकीनेच."

"डॉक्टर काय म्हणाला होता?"

"धक्का कमी हवा म्हणाला. शिकार नको असं नाही म्हणाला."

"मग क्लबातल्या डेलकडे कमी धक्क्याची, बोल्टची छोटी बंदूक पडून आहे. लहान मुलंसुद्धा चालवतात ती. घेऊन टाक."

"डेलची बंदूक मला नको, बाबा. हे बघा."

मी चष्मा लावला. तीस-तीसचीच पुंगळी, पण मान आवळून पाव इंची गोळीपुरती केलेली. हलकी गोळी, थोडी दारू, कमी धक्का. पुंगळीच्या खांद्याचा, म्हणजे मानेखालचा, उतार किती ठेवायचा, मान किती लांब ठेवायची, सगळं पेन्सिलीने नीट मांडलेलं. बर्निसच्या बंदुकीची नळी आतून गंजाने खाल्लेलीच होती. ती काढून पाव इंची नवी नळी बसवायची, असा बेत.

"म्हणजे आता माझ्याच घरात मांजर पाळायचं," मी म्हणालो.

"पाळू नका. नुसतं त्याला नळीत घर कोरून द्या."

चित्रात मला खोट सापडेना. मी पुष्कळ शोधली. शेवटी कागद परत सरकवला आणि म्हणालो, "उतार थोडा कमी कर. लिव्हरच्या बंदुकीत काडतूस सरकत आत जायला हवं, तिथे असा बैलाचा खांदा चालत नाही." तिने तिथल्या तिथे खोडरबर काढला. म्हणजे बाप तयार झाला हे तिने ओळखलं होतं.

तिच्या चित्रावरून ओरेगनमधल्या एका म्हाताऱ्या कारागिराने रीमर घडवून पाठवला. रीमर म्हणजे काडतुसाच्याच आकाराचं धारदार पोलाद. ते हाताने फिरवत नळीत काडतुसासाठी घर कोरायचं. रीमरच्या दांड्यावर काडतुसाचं नाव कोरायची पद्धत आहे. पण माझ्या दुकानात ते नाव आधी कोरत नाहीत. आधी बंदुकीच्या पोटाखालच्या नळकांडीत पाच काडतुसं भरायची, बंदूक खांद्याला लावायची आणि खाली न उतरवता, चार लोकांच्या देखत, पाचही उडवायची. मग नाव. या नियमामुळे खोऱ्यातले अर्धे रीमर अजून कोरेच आहेत आणि त्यांचे मालक माझ्याशी धड बोलत नाहीत.

बर्निसची नळी मी स्वतः उतरवली आणि तेल लावून भिंतीवर टांगली. नवीन नळीत हेल्मीने घर कोरलं. रीमर धरायला तिचा डावा हात, फिरवायला माझा. मग ती रोज कामावरून आली की मागच्या माळावर जाऊन बसायची. लाकडी मेज, वाळूच्या पिशव्या, त्यावर बंदूक. एक काडतूस हाताने आत घालायचं, उडवायचं, वहीत टिपायचं, दुसरं घालायचं. एका संध्याकाळी तिने मला कागदाचं लक्ष्य आणून दाखवलं. तीन भोकं एकमेकांना चिकटलेली होती.

"खांदा?" मी विचारलं.

"खांदा कुठे गेला तेच कळत नाही, इतकं हलकं आहे."

"बरं आहे," मी म्हणालो. ती झोपल्यावर तो कागद मी घडी घालून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पोस्टात, किराण्याच्या दुकानात आणि पेट्रोल पंपावर सहज म्हणून काढून दाखवला.

रविवारी नेमबाजी क्लबच्या मैदानावर गर्दी होती. ती माझ्या खिशातल्या त्या कागदामुळे जमली होती, हे मी हेल्मीला सांगितलं नाही. पुढे डेल क्रुकशँक उभा होता. डेल माझा शाळासोबती. त्याच्या स्वतःच्या नावाची दोन मांजरं आहेत, त्यातलं एक माझ्या नियमात बसलेलं आहे आणि ते तो मला विसरू देत नाही.

हेल्मीने पाच काडतुसं भरली. बंदूक खांद्याला लावली. पहिला बार झाला, दूरची लोखंडी ताटली वाजली. तिने लिव्हर खाली ओढला, आणि लिव्हर अर्ध्यात अडकला. पुढे जाईना, मागे येईना. तिने जोर लावला. आतून कुरकुर झाली, बस.

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

"पाच म्हणजे एकेक करून पाच, असं आहे का, हेल्मी?" डेल म्हणाला. "मांजराला एका वेळी एकच उंदीर पचतो वाटतं."

"डेल, तुझी कॉफी गार होतेय," मी म्हणालो.

घरी आल्यावर हेल्मीने बंदूक टेबलावर आडवी ठेवली, तिचं पोट उघडलं आणि बिनदारूची काडतुसं घालून लिव्हर हळूहळू ओढत बसली. मी मागे उभा राहून पाहत होतो, आणि दोघांना एकदमच दिसलं.

लिव्हर ओढला की नळकांडीतलं एक काडतूस मागे सरकून एका पट्टीवर येतं आणि पट्टी त्याला वर उचलते. काडतूस पुरेसं लांब असेल तर त्याच्या पुढचं नळकांडीच्या तोंडाशीच थांबतं. हेल्मीने धक्का कमी व्हावा म्हणून हलकी गोळी घेतली होती, आणि हलकी गोळी आखूड असते. त्यामुळे पुढच्या काडतुसाची टाचही पट्टीवर घुसत होती. दोघांना घेऊन पट्टी उठणार कशी? महिनाभर तिने एकेक काडतूस हाताने घातलं होतं, म्हणून हे कधी दिसलंच नाही. भोकं चिकटून पडावीत म्हणून जीव टाकणारी आमची सगळी जमात हीच चूक करते. आणि मी तर ती भोकं खिशात घेऊन गावभर फिरलो होतो.

"झालं," ती म्हणाली. तिने बंदूक बंद केली. "लांब गोळी म्हणजे जड गोळी. जड म्हणजे धक्का. पुन्हा तिथेच येऊन पडलो."

"डेलची बंदूक अजून पडून आहे," मी म्हणालो.

हे मी मुद्दाम म्हणालो. ती हिरमुसली की कामाची राहत नाही, चिडली की राहते. ती चिडली. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी बाहेर जाऊन सौनाची, म्हणजे आमच्या वाफ घ्यायच्या खोलीची, शेगडी पेटवली आणि तिकडेच थांबलो.

अंगातून घाम निथळत असताना दार उघडलं. हेल्मी कोट घालूनच दारात उभी.

"बाबा, गोळी जड केली तरी दारू कमी करता येते ना?"

"वेग कमी होईल. लांबचा नेम जाईल."

"आई शिकारीला वर देवदारांत बसायची, तेव्हा किती लांबून मारायची?"

मी आठवलं. बर्निसने कधी घराच्या अंगणाएवढ्या अंतरापेक्षा लांबचं हरीण मारलं नाही. ती इतकी शांत बसायची की हरणं तिच्याकडे चालत यायची.

"दार लाव," मी म्हणालो. "थंडी येतेय. आणि उद्या दुकानात ये, लांब गोळीला नळीतल्या घराचा गळा पुढे थोडा वाढवावा लागेल."

गळा, म्हणजे घरात गोळीचं नाक बसतं तो भाग, तिनेच वाढवला, हाताने, फिरवून थांबून, पुसून पुन्हा फिरवून. मला हातसुद्धा लावू दिला नाही. चपट्या नाकाची लांब गोळी आणली, कारण नळकांडीत एकाचं नाक दुसऱ्याच्या टाचेला टेकतं आणि टोकदार नाक टोचलं तर आतच भडका. दारू मोजून मोजून खाली आणली. या वेळी मेज नाही, पिशव्या नाहीत. उभं राहून, नळकांडी भरून. पहिल्या दिवशी तिसऱ्या बाराला ती खांदा चोळू लागली. मग तिने अजून दारू कमी केली. आठवड्याने ती चोळायची थांबली.

त्यानंतरच्या रविवारी मी कुणाला काही बोललो नव्हतो, तरी तीच गर्दी. डेल खुर्ची घेऊन आला होता, लांबलचक करमणूक होणार अशा बेताने. हेल्मीने बंदूक खांद्याला लावली. बार, लिव्हर, ताटली वाजली. बार, लिव्हर, ताटली. पाचही पुंगळ्या तिच्या बुटांशी गवतात पडल्या आणि बंदूक खांद्यावरून एकदाही हलली नाही. ही माझी पोर, एवढंच डोक्यात होतं.

डेलने खुर्ची मिटली. एक पुंगळी उचलून उन्हात धरली आणि तिची मान पाहिली.

"आर्वो," तो मला म्हणाला, "हे तू काढलंस?"

"माझ्या डोक्यातून असलं निघतं का कधी? तुला माहीत आहे."

"ते खरं," तो म्हणाला, आणि पुंगळी खिशात टाकली. डेलने दुसऱ्याची पुंगळी खिशात टाकलेली मी पहिल्यांदा पाहिली.

"नाव काय कोरू?" मी हेल्मीला विचारलं.

"आत्ता नको. आणि आपलं आडनाव, लेहतिनेन, तर मुळीच नको. खोऱ्यात आडनावांची गर्दी झालीय. आधी हरीण पडू दे."

हरीण मोसमाच्या दुसऱ्या शनिवारी पडलं. पहाटे डबा मी भरला, तिच्यासाठी. ती बर्निसच्या जागी, देवदारांच्या चढावर बसली आणि मी वरच्या खडकाआड. बर्फ भुरभुरत होता. चांगल्या शिंगांचा नर चढावरून खाली उतरला, थांबला, नाक वर करून वास घेऊ लागला. पहिली गोळी मधल्या फांदीला लागली, बर्फ उडाला. नर दचकला, पण आवाज कुठून आला ते त्याला कळेना. मला खालून लिव्हरचा आवाज आला, खटक-खटक, मध्ये कुठेही न अडकता. दुसऱ्या बाराला नर जागेवरच बसला. मी खाली पोचलो तेव्हा हेल्मी त्याच्या मानेवर हात ठेवून गुडघ्यांवर होती. बंदूक धरायला मी हात पुढे केला. तिने दिली नाही, स्वतःच्याच उजव्या खांद्याला अडकवली.

परतीच्या रस्त्यावर वन्यजीव खात्याचं तपासणी नाकं असतं. तिथल्या तरुण बाईने हरणाचे दात पाहून वय सांगितलं, शिंगं मोजली आणि विचारलं, "कुठल्या काडतुसाने?"

हेल्मीने रिकामी पुंगळी पुढे केली. बाईने ती उलटी करून तळावरची कारखान्याची अक्षरं वाचली. "तीस-तीस," ती म्हणाली.

"तळ वाचू नका," मी गाडीतून उतरत म्हणालो. "मान बघा."

मग मी सांगायला लागलो. मान का आवळली, उतार का कमी केला, आखूड गोळीने पट्टी कशी अडकते, गळा कसा वाढवला. बाई ऐकत होती. मागे गाड्या थांबल्या होत्या. कुणीतरी हॉर्न वाजवला आणि मला वाटलं, वाजव, तुझ्या मुलीने काढलंय का असलं काही?

"बाबा," हेल्मी म्हणाली, "लोक थांबलेत."

"बंदूक कुणाची?" बाईने विचारलं. तिला आता खरंच उत्सुकता वाटत होती.

"हिच्या आईची. काडतूस हिचं. मी नुसता हात फिरवला."

"आणि नाव काय त्याचं?"

"अजून ठेवलं नाही," हेल्मी म्हणाली.

"ठेवलंय," मी म्हणालो. "पाव इंची हेल्मी. रीमरवर कोरून झालंय."

ती माझ्याकडे वळली. "कधी?"

"त्याच रविवारी. घरी आल्या आल्या."

"मी नको म्हटलं होतं ना? विचारायचं तरी."

"तुझं नाव ठेवलं तेव्हाही तुला विचारलं नव्हतं," मी म्हणालो, आणि गाडीत जाऊन बसलो, कारण माझे डोळे भरून आले होते आणि मागचा माणूस अजून हॉर्न वाजवत होता.